दूध तुटल्यावरची हगवण, पचन आणि आतड्यातले जिवाणू : वराहपालकांच्या प्रश्नांना उत्तरे

वराहपालनातील खाद्यखर्चाविषयी या मासिकात अलीकडे लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत खर्चापेक्षा हगवणीचीच विचारणा अधिक आहे. त्यांपैकी एकमेकांशी संबंध असलेले प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या माद्या आहेत. पिल्ले पस्तीस दिवसांची झाली की दूध तोडतो. तोपर्यंत ती टवटवीत असतात. पण चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्यासारखी हगवण लागते, पाठीचा कणा दिसू लागतो आणि प्रत्येक वेताला काही पिल्ले दगावतात. शेड रोज पाण्याने धुतो, चुना मारतो. मग हे जंतू येतात कोठून? (एक वराहपालक, मिरज तालुका)

उत्तर : जंतू बाहेरून शेडमध्ये शिरतात, असे आपण धरून चालला आहात. प्रत्यक्षात या हगवणीमागे बहुतेक वेळा असणारा ई. कोलाय हा जिवाणू निरोगी मादीच्या विष्ठेतही सापडतो आणि पिल्लाच्या आतड्यात तो जन्माच्या पहिल्याच दिवशी पोहोचलेला असतो. जन्मताना पिल्लाचे आतडे जवळजवळ निर्जंतुक असते. मादीचा योनिमार्ग, सड, कातडी आणि जमिनीवरची विष्ठा यांतून काही तासांतच जिवाणूंची वस्ती सुरू होते. दुधातील लॅक्टोज या साखरेवर पोसले जाणारे लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू लवकरच जठरात आणि लहान आतड्यात बळावतात व लॅक्टिक आम्ल तयार करून ई. कोलायला डोके वर काढू देत नाहीत. शिवाय मादीच्या दुधातून रोज मिळणारी प्रतिपिंडे आतड्याच्या अस्तराचे रक्षण करीत असतात.

पस्तिसाव्या दिवशी हे दोन्ही आधार एकदमच सुटतात. बिचकलेले पिल्लू दिवस-दीड दिवस खाद्याला तोंड लावत नाही आणि मग भुकेने अधाशासारखे खाते. उपासामुळे लहान आतड्यातील अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर पहिल्या दोन ते पाच दिवसांत आखूड होतात. दुधाची साखर पचवणारी विकरे (एन्झाइम) त्याच्याकडे भरपूर असतात, परंतु मक्यातील पिष्ट आणि सोयापेंडीतील प्रथिन पचवण्याची तयारी अजून अपुरी असते. प्रौढ डुकराच्या जठराचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) दोन ते तीनच्या आसपास असतो; नुकतेच दूध तुटलेल्या पिल्लात तो अनेकदा चारच्या वर राहतो, कारण त्याचे जठर पुरेसे आम्ल स्रवत नाही आणि लॅक्टोज बंद झाल्याने लॅक्टिक आम्ल देणारे जिवाणूही मागे पडलेले असतात. अशा जठरात प्रथिन नीट पचत नाही आणि खाद्याबरोबर गिळलेले जंतूही मरत नाहीत. न पचलेले प्रथिन पुढे सरकले की ई. कोलायची चंगळ होते. त्याच्या काही वाणांच्या अंगावर एफ-४ किंवा एफ-१८ या नावाने ओळखले जाणारे अतिसूक्ष्म तंतू असतात. त्यांच्या साहाय्याने हे जिवाणू आतड्याच्या भिंतीला चिकटतात आणि विष सोडतात, व त्या विषामुळे आतड्याच्या पेशी शरीरातील पाणी आणि क्षार आतड्याच्या पोकळीत ओतू लागतात. पिल्लू दगावते ते या पाण्याच्या तोट्याने.

आपल्याकडे हेच घडते आहे का, याची खात्री मात्र करून घ्यावी. ताज्या मेलेल्या पिल्लाचे शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करून घेतल्यास या आजारात जठर बहुधा खाद्याने गच्च भरलेले आढळते आणि लहान आतडे फुगलेले व पाण्याने भरलेले दिसते. रक्त सहसा नसते. आणखी एक सोपी खूण आहे. औषध न दिलेल्या पिल्लाच्या ताज्या पातळ विष्ठेत शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागद बुडवावा. लाल कागद निळा झाला, तर विष्ठा अल्कधर्मी आहे आणि ई. कोलायचा संशय बळावतो. निळा कागद लाल झाला, तर अन्नरस शोषला न गेल्याने होणारी, म्हणजे रोटाव्हायरससारख्या विषाणूंची हगवण असण्याची शक्यता अधिक. हे निदान नव्हे, दिशा आहे. पक्क्या निदानासाठी पशुवैद्यकाच्या पत्रासह नमुने पुण्यात औंध येथील पशुसंवर्धन विभागाच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात.

उपायांची सुरुवात दूध तोडण्याच्या आधीपासून करावी लागते. पिल्ले दहा-बारा दिवसांची झाली की त्यांना मादी पोहोचू शकणार नाही अशा कोपऱ्यात थोडे थोडे पिल्लांचे खाद्य रोज ताजे ठेवावे. खाल्ले किती यापेक्षा चव आणि विकरांची सवय लागणे महत्त्वाचे. दूध तोडताना पिल्ले हलवू नयेत, मादी हलवावी. पुढचे दोन आठवडे दिवसाचे खाद्य पाच-सहा वेळा विभागून द्यावे. या काळातील खाद्यात प्रथिन वीस-बावीस टक्क्यांवरून सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत उतरवून कमतरता लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांनी भरून काढली, तर मोठ्या आतड्याकडे जाणारे न पचलेले प्रथिन घटते. चुनखडीची पूड याच दोन आठवड्यांत जरूर तेवढीच घालावी. ती जठरातील आम्ल शोषून टाकते, आणि खाद्य मिसळणारे नेमके पिल्लांच्या हाडांच्या काळजीपोटी ती सढळ हाताने घालतात.

राहिली रोजची धुलाई. पिल्ले आत असताना शेड धुतले की जमीन दिवसभर ओली राहते आणि पोट गार पडलेल्या पिल्लाचे पचन आणखी बिघडते. या वयात त्यांना अठ्ठावीस-तीस अंशांची ऊब लागते. कोरडी विष्ठा खरवडून काढावी, भुसा घालावा आणि शेड दोन वेतांच्या मध्ये रिकामे असताना साबणाने धुऊन, निर्जंतुक करून पूर्ण वाळवावे. हगवण लागलीच तर पाणी तोडू नये. माणसांसाठी मिळणारी जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात मिसळून दिवसभर समोर ठेवावी, खाद्य एक दिवस निम्म्यावर आणावे आणि पशुवैद्यकांना बोलवावे.

प्रश्न : खाद्यविक्रेत्याने पिल्लांच्या खाद्यात कायम मिसळण्यासाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकाची पूड दिली आहे. दुसरा विक्रेता झिंक ऑक्साइड घ्या म्हणतो आणि युरोपात ते सर्रास वापरतात असे सांगतो. कोणाचे ऐकावे? (एक वराहपालक, गोंदिया जिल्हा)

उत्तर : पहिल्याचे मुळीच ऐकू नये. अन्नासाठी पाळलेले प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यपालन आणि पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण करण्यास केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१९ मध्येच बंदी घातली आहे. त्यामागचे कारण डुकरांशीच निगडित आहे. इतर प्रतिजैविके निष्फळ ठरलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर जी मोजकी औषधे राखून ठेवतात, त्यांत कोलिस्टिन आहे. त्याला दाद न देण्याची क्षमता देणारे एमसीआर-१ हे जनुक चीनमधील डुकरांच्या ई. कोलायमध्ये सापडल्याचे २०१५ च्या अखेरीस जाहीर झाले. हे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्या जिवाणूकडे जाऊ शकते, हे त्यातले सर्वांत चिंताजनक. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन मिसळणे बंद केले. पुडीवर नाव काहीही छापलेले असो, घटकांत कोलिस्टिन सल्फेट असेल तर ती परत करावी.

दुसऱ्या विक्रेत्याची माहिती जुनी आहे. दूध तोडल्यानंतरचे चौदा दिवस दर किलो खाद्यात २५०० मिलिग्रॅम जस्त झिंक ऑक्साइडच्या रूपात दिल्यास हगवण खरोखर कमी होते. परंतु यातले बहुतांश जस्त शोषले न जाता विष्ठेतून शेतात जाते आणि तेथे साठत राहते; शिवाय जस्ताच्या सततच्या माऱ्यात टिकून राहणारे जिवाणू अनेकदा प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. म्हणून युरोपीय संघात जून २०२२ पासून औषधी मात्रेतील झिंक ऑक्साइड बंद झाले आहे. पोषणासाठी लागणारे जस्त, म्हणजे किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, ही वेगळी बाब आहे आणि ते चांगल्या खनिज मिश्रणातून मिळते.

वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्याची पद्धत स्वीडनने १९८६ मध्ये बंद केली, डेन्मार्कने २००० पर्यंत आणि संपूर्ण युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. डेन्मार्कमध्ये त्यानंतर काही काळ दूध तुटलेल्या पिल्लांत हगवण वाढली आणि उपचारासाठी लागणारी औषधेही वाढली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खाद्यात रोज पडणारी पूड वर्षानुवर्षे खाद्यातील आणि शेडमधील उणिवा झाकत आलेली असते. पूड थांबली की त्या उघड्या पडतात. म्हणून आधी वरच्या उत्तरातील बदल करावेत आणि पूड त्यानंतर थांबवावी, असे मी कोणत्याही कायदेशीर औषधाच्या बाबतीत सांगितले असते. कोलिस्टिनच्या बाबतीत मात्र थांबण्यास सवड नाही. आजारी पिल्लांना प्रतिजैविक लागले तर ते पशुवैद्यकांनी ठरवलेले, ठरलेल्या दिवसांपुरतेच द्यावे.

प्रश्न : बाजारातील प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणूंच्या) पावडरी महाग आहेत. त्याऐवजी दही किंवा ताक दिले तर चालेल का? (एक महिला वराहपालक, कराड तालुका)

उत्तर : ताजे आंबट ताक दिल्याने अपाय नाही. त्यातील लॅक्टिक आम्लाचा पिल्लाच्या जठराला थोडा आधार मिळतो. परंतु दह्यातील जिवाणू दुधात वाढण्यासाठी जोपासलेले असतात, ते डुकराच्या आतड्यात मुक्काम करीत नाहीत. त्यामुळे ताक बंद केले की परिणामही बंद.

पावडर घ्यायचीच असेल, तर पुडीवर जिवाणूचे पूर्ण नाव, दर ग्रॅममधील जिवंत जिवाणूंची संख्या आणि मुदत या तिन्ही गोष्टी छापलेल्या आहेत का, ते पाहावे. बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हे जिवाणू बीजाणूंच्या रूपात असल्याने कांडी (पेलेट) खाद्य बनवतानाची उष्णता आणि जठरातील आम्ल दोन्ही सोसतात. लॅक्टोबॅसिलसची पुडी मात्र मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेली असेल, तर आपण मेलेल्या जिवाणूंचे पैसे मोजत असता. चांगल्या पुडीचेही परिणाम एका शेडमध्ये दिसतात आणि दुसऱ्यात दिसत नाहीत; खाद्य आणि ऊब यांची घडी बसलेली नसेल तर त्यावर खर्च करू नये, असे माझे मत आहे.

यापेक्षा स्वस्त आणि अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे आंबवलेले धान्य. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा अडीच-तीनपट पाण्यात झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात भिजवावा. सांगली-साताऱ्याच्या हवेत दोन-तीन दिवसांत तो आंबतो. नंतर रोज निम्मे काढून तेवढाच नवा भरडा आणि पाणी घालावे. मागे उरलेले निम्मे विरजणाचे काम करते. सामू साडेचारच्या खाली आला की ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जिवाणू त्यात तग धरीत नाहीत. सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या रासायनिक द्रव्यांच्या दुकानात मिळतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: फक्त धान्य आंबवावे, सोयापेंड आणि अमिनो आम्ले घातलेले पूर्ण खाद्य आंबवू नये. आंबण्याच्या सुरुवातीच्या काळात काही जिवाणू खाद्यात घातलेले महागडे लायसिनच फस्त करतात. आंबोणाला दह्यासारखा स्वच्छ आंबट वास यावा. दारूसारखा किंवा कुजका वास आला तर ते फेकून पिंप धुवावे.

प्रश्न : आठ-दहा दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या पिल्लांना पिवळी, साईसारखी हगवण लागते. तीन प्रकारची प्रतिजैविके दिली, गुण नाही. (एक वराहपालक, सावंतवाडी तालुका)

उत्तर : सात ते चौदा दिवसांचे वय, पिवळी, साईसारखी विष्ठा, आंबूस वास आणि प्रतिजैविकाला न जुमानणे, या खुणा एकत्र दिसल्या की कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीचा विचार करावा. तो जिवाणू नसल्याने जिवाणूंवरचे औषध त्याला लागू पडणे शक्यच नाही. उलट त्या औषधाने लॅक्टोबॅसिलसची नुकतीच बसलेली घडी मोडते. यात पिल्ले फार मरत नाहीत, पण आतड्याचे अंकुर झडतात आणि एकाच वेतात लहान-मोठी पिल्ले दिसू लागतात. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने टोल्ट्राझुरिल हे औषध पिल्ले तीन ते पाच दिवसांची असताना एकदाच तोंडावाटे दिले जाते. परजीवीची अंडी चुन्याला दाद देत नाहीत; व्यायची जागा उकळत्या पाण्याने किंवा ज्योतीने भाजून घ्यावी आणि पूर्ण कोरडी करावी.

पहिल्या आठवड्यातच रक्तमिश्रित हगवण होऊन पिल्ले पटापट दगावत असतील, तर तो क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूचा प्रकार असू शकतो आणि तेथे पशुवैद्यकांना बोलावण्यास एक दिवसही थांबू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पाण्यासारख्या हगवणीत मात्र सर्वप्रथम चिकाची चौकशी करावी. डुकराच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाला मिळत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात, आणि आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता जन्मानंतर चोवीस ते छत्तीस तासांत संपते. रात्री व्यायलेल्या मादीची दुबळी पिल्ले सकाळपर्यंत सडाला लागलेलीच नसतात, असे पुष्कळदा घडते.

प्रश्न : आम्ही डुकरांना हॉटेलातील उरलेले अन्न आणि हंगामात काजूच्या बोंडूंचा चोथा घालतो. कधी ती उत्तम खातात, कधी हगवण लागते. (एक वाचक, पेडणे, गोवा)

उत्तर : आतड्यातील जिवाणूंना नव्या खाद्याशी जुळवून घेण्यास आठ-दहा दिवस लागतात. हॉटेलातून सोमवारी भात, मंगळवारी तेलकट रस्सा आणि बुधवारी नुसता पाव आला, की कोणत्याच खाद्याला साजेशी वस्ती तयार होत नाही. मिळेल ते अन्न धान्याच्या भरड्यात ठरलेल्या प्रमाणात मिसळून रोजचे खाद्य शक्य तितके एकसारखे ठेवावे. अशा अन्नात मीठ बरेच असते. पाणी कमी पडले तर मिठाची विषबाधा होऊन डुकरे झटके देतात, भिंतीवर डोके टेकवून उभी राहतात.

याहून मोठा धोका आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा आहे. भारतात हा रोग २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला आणि त्यानंतर तो अनेक राज्यांत पोहोचला. डुकराच्या मांसाचे उष्टे-खरकटे हा त्याच्या फैलावाचा एक मुख्य मार्ग आहे. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या निकषानुसार असे अन्न किमान ९० अंश सेल्सिअसला, सतत ढवळत, एक तास तापवावे लागते. नुसती उकळी आणून उतरवलेले पातेले पुरेसे नाही. मांस असलेले अन्न घेऊच नये, हे सर्वांत बरे.

बोंडूंचा चोथा चांगला आहे, पण त्यात तंतू पुष्कळ, प्रथिन कमी आणि तुरटपणा आणणारी टॅनिने असतात. रस काढल्याच्याच दिवशी तो घालावा. ढीग दोन दिवस पडला की त्यात बुरशी आणि मद्यार्क दोन्ही वाढतात. एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापासून सुरुवात करून आठवडाभरात प्रमाण वाढवावे. दूध तुटलेल्या पिल्लांना तो देऊ नये.

प्रश्न : डुक्कर गवत पचवू शकते का? गाभण माद्यांना हिरवा चारा घालावा का? (एक वाचक, चंदगड तालुका)

उत्तर : डुकराच्या स्वतःच्या विकरांना सेल्युलोज फोडता येत नाही. हे काम मोठ्या आतड्यातील जिवाणू करतात, आणि तेथील एका ग्रॅम ऐवजात त्यांची संख्या हजार कोटींच्या घरात असते. ते तंतू आंबवून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ले तयार करतात. ही आम्ले रक्तात शोषली जाऊन ऊर्जा देतात आणि ब्युटिरिक आम्लावर तर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. वाढत्या वयाबरोबर ही क्षमता वाढते, म्हणून प्रौढ मादी चाऱ्याचा जेवढा लाभ घेते तेवढा तीन महिन्यांचे डुक्कर घेऊ शकत नाही. गाभण मादीला कोवळा नेपियर, लसूणघास आणि गव्हाचा कोंडा अवश्य द्यावा. तिचे पोट भरलेले राहते, ती शांत राहते आणि विण्याच्या वेळची बद्धकोष्ठता टळते.

प्रश्न : खाद्य अंगी लागावे म्हणून मका पिठासारखा बारीक दळून घालतो. विक्रीच्या वजनाची दोन डुकरे पांढरीफटक पडून मेली. विष्ठा डांबरासारखी काळी होती. (एक वराहपालक, बारामती तालुका)

उत्तर : काळी विष्ठा म्हणजे पचलेले रक्त. हे वर्णन जठरातील व्रणाशी जुळते. शवविच्छेदनात अन्ननलिका जठराला मिळते त्या जागी तो दिसतो. बारीक दळल्याने पचन सुधारते हे खरे, परंतु पिठासारख्या खाद्याने जठरातील ऐवज पातळ होतो, त्याचे नीट थर लागत नाहीत आणि तळाचे तीव्र आम्ल वरच्या, श्लेष्माचे संरक्षण नसलेल्या भागापर्यंत उसळते. कणांचा सरासरी आकार पाऊण मिलिमीटरच्या आसपास ठेवावा. त्यासाठी चक्कीला तीन-चार मिलिमीटरची चाळणी लावून पाहावे आणि भरडा बोटांत चोळल्यावर खरखरीत लागतो याची खात्री करावी. डेन्मार्कमध्ये भरड, कांडी न केलेल्या खाद्यावरील डुकरांत साल्मोनेलाही कमी आढळला आहे, कारण अशा खाद्याने जठरात लॅक्टिक आम्ल देणाऱ्या जिवाणूंची वाढ चांगली होते. खाद्याच्या वेळा चुकवू नयेत. दीर्घ उपासानंतर व्रण लवकर चिघळतात. उरलेल्या डुकरांपैकी ज्यांचे कान आणि डोळ्यांच्या कडा फिकट दिसतात, ती वेगळी काढून पशुवैद्यकांना आजच दाखवावीत.